दगडाबाईंची मोटारवाली खुर्ची

आरामखुर्चीचं कापड फाटलं तेव्हा बन्सीधर कच्छवे ओसरीवर दाढी करत होता. आधी लांबलचक 'टर्रर्र' ऐकू आलं, मग 'धप्प', आणि मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'कडं कान लावताना हनुवटीला वस्तरा लागला. एका गालावर साबण आणि हनुवटीवर रक्त अशा थाटात तो माजघरात धावला.

त्याची आत्या दगडाबाई खुर्चीच्या लाकडी चौकटीतून आरपार खाली गेली होती. बैठक जमिनीला टेकलेली, गुडघे हनुवटीशी आणि चौकट चारी बाजूंनी अंगाला घट्ट बसलेली. ती ओरडली नाही, रडली नाही.

"आत्या, लागलं का गं?"

"आधी दार लाव," ती म्हणाली. "लोक बघायलेत."

लोक म्हणजे शेजारचे माणिकराव पेशकार. निजामाच्या अमलात त्यांनी कोर्टात पेशकारी केली होती. निजाम गेला, कोर्टाची भाषा बदलली, परभणी आधी हैदराबाद राज्यात होती ती आता मुंबई राज्यात गेली. पण माणिकरावांनी शेजाऱ्यांच्या घरातल्या प्रत्येक मामल्यात हजर राहण्याचा शिरस्ता सोडला नाही. ते दार लावायच्या आत आत आलेले होते.

बन्सीधर आणि त्याची बायको सुमन, दोघांच्या जोरानं दगडाबाई हलेना. शेवटी पेशकारांनी बाह्या सारल्या. तिघांनी मिळून तिला चौकटीसकट उभं केलं आणि मग चौकट डोक्यावरून काढली. तेवढा वेळ आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. अंगाला परक्या पुरुषाचा हात लागला की ती नेहमी असंच करायची. आपण बघितलं नाही तर दुसऱ्यालाही दिसत नाही, असं काहीसं तिला वाटत असावं.

"बन्सीधरराव, माझी मसलत ऐका," पेशकार धाप टाकत म्हणाले. "बाईंना झरीला पाठवा. खेड्याची हवा, खाली अंथरूण, तबियत आपोआप दुरुस्त होईल. हे उचलाउचलीचं काम शहरात बेकायदा दिसतं."

झरी हे आत्याचं गाव. बन्सीधरची आई तो रांगत असतानाच गेली आणि विधवा आत्यानं त्याला झरीच्या शेतात, काखेत एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला वैरणीचा भारा घेऊन वाढवलं. आता गुडघे गेले होते, दमा जडला होता आणि अंग सुटलं होतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्रंदिवस रेलून बसायचं. झरीला खाली अंथरुणावर टाकली तर ती किती दिवस काढेल, हे बन्सीधरला ठाऊक होतं. आणि आत्यालाही. तरी त्या संध्याकाळी ती म्हणाली, "पेशकार म्हनतेत ते काय खोटं न्हाई. मला झरीला नेऊन घाल."

त्यानं ऐकलं नसल्याचं दाखवलं.

खरी गोष्ट सुमनच्या लक्षात आली. आत्याच्या उशाचा तांब्या सकाळी भरलेला असायचा तसाच संध्याकाळी भरलेला असायचा. "तहानच लागत न्हाई मला," आत्या म्हणायची. उन्हाळा तोंडावर आलेला, परभणीत कावळे चोची वासून बसलेले, आणि हिला तहान नाही! दोन दिवसांनी आत्याला लघवीला आग व्हायला लागली, हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टर आले, तपासलं आणि बाहेर येऊन बन्सीधरला म्हणाले, "पाणी पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर मूत्रपिंडावर जाईल आणि मग मला बोलावून उपयोग नाही."

डॉक्टर गेल्यावर सुमननं नवऱ्याला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच सांगितलं, "त्या मुद्दाम पीत नाहीत. पाणी प्यालं की उठावं लागतं. उठायचं म्हणजे तुम्ही, पेशकार, कधी रस्त्यावरचा कुणीतरी. समजलं का?"

बन्सीधरला समजलं. त्याला जेवण गेलं नाही.

बन्सीधर एका जिनिंग फॅक्टरीत मुनीम होता. सरकी, रुई, गासड्या यांचा हिशेब सोडून त्यानं आयुष्यात काही बनवलं नव्हतं. एकदा भिंतीत खिळा ठोकला होता, तो पलीकडे पेशकारांच्या देवघरात निघाला होता. पण त्या दिवशी त्यानं ठरवलं, की आत्याला कुणाचा हात न लागता बसता, रेलता आणि उठता येईल अशी खुर्ची करायची.

पहिली खुर्ची बाभळीची झाली. लिंबाजी सुतारानं ती अशी ठोकली, की तिच्यावर बैल उभा केला असता तरी कुरकुरली नसती. आत्या बसली, खुर्ची हूं की चूं करेना. सगळे खूश. मग आत्याला उठायचं झालं आणि लक्षात आलं, की खुर्ची मोडणं ही अडचण नव्हतीच. अडचण उठण्याची होती, आणि न मोडणाऱ्या खुर्चीतून उठणं मोडणाऱ्या खुर्चीपेक्षा अवघड होतं. पुन्हा पेशकार आले. पुन्हा आत्यानं डोळे मिटले.

"मुनीमसाब, तिला मोटर लावू," जिनिंगचा फिटर सटवाजी म्हणाला.

सटवाजी हा न डगमगणारा माणूस होता. त्याच्या हातून जिनिंगचं एक चाक फुटलं होतं, एक पंप बसला होता आणि मालकाची मोटार अजून धक्क्यावर चालत होती. पण त्याच्या आवाजातला विश्वास कधी कमी झालेला कुणी पाहिला नाही. त्यानं जमिनीवर कोळशानं चित्र काढलं. खुर्चीखाली जुन्या दाबयंत्राचा आटे पाडलेला जाड लोखंडी दांडा बसवायचा. दांडा एका बाजूला फिरला की पाठ मागं जाणार, माणूस रेलणार. उलट्या बाजूला फिरला की बैठक मागून उचलली जाणार आणि माणूस आपोआप पायावर उभा राहणार. मोटरवर दोन चामडी पट्टे, एक सरळ आणि एक फुलीसारखा पीळ देऊन उलटा फिरणारा. शेजारी हातानं चालवायची दांडी, ती इकडं ओढली की सरळ पट्टा धरणार, तिकडं ढकलली की फुलीचा, आणि मधे ठेवली की सगळं थांबणार.

"आन् किती वजन उचलंल?" बन्सीधरनं विचारलं.

"आत्याबाई धरून तुमी, मी आन् पेशकार," सटवाजी म्हणाला. "वाटलं तर त्यांची पेन्शन बी."

जिनिंगच्या अडगळीत एक छोटी मोटर पडून होती, ती मालकांनी वापरायला दिली. खुर्चीचं काम सुरू झालं. राहिली वीज.

घरात दिव्याची लाइन होती. मोटरला पावरची लाइन लागते, तिला अर्ज करावा लागतो, हे बन्सीधरला माहीत होतं. तो रीतसर माणूस होता. त्यानं अर्ज लिहिला आणि वीज कचेरीत गेला. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, उलटा करून वाचला आणि विचारलं, "मोटर कशाला?"

"खुर्चीला."

"खुर्चीत काय दळता?"

"दळत नाही. माणूस उठतो."

"मग हातानं उठवा की."

बन्सीधरनं समजावून सांगितलं. मात्र पाण्याची गोष्ट सांगितली नाही. ती खिडकीतून सांगायची गोष्ट नव्हती. कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं. त्यात पिठाची गिरणी होती, जिनिंग होती, छापखाना होता, सिनेमा होता. खुर्ची नव्हती.

"सिनेमात टाकू का?" कारकून म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता. "तिथं लोक खुर्चीतच बसतात. फक्त मग तुम्हाला आग विझवायच्या बादल्या टांगाव्या लागतील आणि बाहेर पडायला जादा दार पाडावं लागेल."

"माजघरात?"

"नियम आहे. तसा हा नियमही हैदराबादचा. आता मुंबईचा लागतो की हैदराबादचाच चालू राहतो, ते वरून विचारून घ्यावं लागेल. वर म्हणजे औरंगाबादला. तिथून मुंबईला विचारतील."

बन्सीधर रोज जिनिंगमधून सुटला की कचेरीत जायचा. रोज अर्ज वर गेलेला असायचा. घरी रोज आत्याचा तांब्या भरलेला असायचा. सुमन वाटीनं चारदा पाणी पाजायची, आत्या दोनदा तोंड फिरवायची. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टर आले की आधी तांब्यात डोकवायचे, मग नाडी बघायचे.

असा धीर संपत आला असताना सटवाजी म्हणाला, "घडीभर दिव्याच्या लाइनीवर लावून बघू. चालती का न्हाई तेवढं समजंल. कोनाला कळायलंय?"

ज्यानं जन्मात दुसऱ्याचं वर्तमानपत्रसुद्धा न विचारता उचललं नव्हतं तो बन्सीधर कच्छवे यावर "लाव" म्हणाला.

पहिली परीक्षा सरकीच्या पोत्यावर झाली. पोतं खुर्चीत बसवलं, सटवाजीनं दांडी ढकलली. मोटर गुरगुरली, गल्लीतले सगळे पंखे मंदावले, आणि खुर्चीनं पोत्याला उठवलं. नुसतं उठवलं नाही, भिरकावलं. पोतं माजघरातून ओसरीवर गेलं आणि पंखा का मंदावला याची चौकशी करायला आलेल्या पेशकारांच्या पायांशी फुटलं. पेशकार घोट्यापर्यंत सरकीत उभे राहिले.

"हे बाईंसाठी आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

आतल्या खोलीतून आत्या म्हणाली, "बन्शा, मला झरीलाच धाड रे बाबा. येष्टीनं धाड. आसं नको."

सटवाजीनं मोठं चाक बसवून खुर्चीची चाल मुंगीसारखी केली. पण आता आत्या बसायला तयार होईना. तिची खात्री पटावी म्हणून दुसऱ्या परीक्षेला बन्सीधर स्वतः बसला. आतल्या खोलीचा पडदा थोडा सरकवून ठेवला होता. आत्या बघत होती. सुमन ओठ चावत उभी होती.

"मागं घे," बन्सीधर म्हणाला.

खुर्ची हळूहळू रेलायला लागली. छान वाटलं. त्यानं आत्याकडं बघून हसूनसुद्धा दाखवलं. पुरेसं रेलल्यावर त्यानं थांबायला दांडीकडं हात नेला आणि हात हवेत फिरला. बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल अशी दांडी त्यांनी जमिनीत रोवली होती. पण माणूस रेलला की त्याचा हात मागं जातो, ही साधी गोष्ट चित्र काढताना मुनिमाच्याही लक्षात आली नव्हती आणि फिटरच्याही.

"सटवाजी, थांबव!"

सटवाजीनं दांडी ओढली. पट्टा सुटेना. खुर्ची आडवी झाली, आडव्याच्या पुढं गेली. बन्सीधरचं डोकं खाली चाललं आणि पाय वर. "थांबव, थांबव!" सुमन किंचाळली. सटवाजीनं दोन्ही हातांनी दांडी हिसडली, ती उपटून त्याच्या हातात आली. मग कोपऱ्यात फट्कन आवाज झाला, धूर निघाला, फ्यूज उडाला आणि सगळं थांबलं. बन्सीधरचं डोकं जमिनीपासून वीतभर वर होतं.

तो उलटा कोलांटून बाहेर पडला असता. पण धोतराचा सोगा लोखंडी दांड्याच्या आट्यांत गुंडाळला गेला होता. बाहेर पडायचं तर धोतर मागं ठेवूनच पडावं लागलं असतं.

"हालू नका," सटवाजी म्हणाला. "जिनिंगमधून मोठा पाना घेऊन येतो."

तो गेला आणि गल्ली आली. पेशकारांची बायको नर्मदाबाई आली, तिच्यामागं आणखी बायका. बन्सीधरला सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते. नर्मदाबाई म्हणाली कांदा हुंगवा. दुसरी म्हणाली कांदा चक्कर आलेल्याला, उलट्या माणसाला मीठपाणी. रोज सकाळी जिनिंगमध्ये ज्याच्यापुढं गाडीवाले रांगेत उभे राहायचे, तो बन्सीधर मुनीम डोळे मिटून पडला. आत्या डोळे का मिटते, ते त्याला आता नीट कळलं.

तेवढ्यात एक अनोळखी पावलांची जोडी आली. पॉलिश केलेले बूट, वर खाकी पाटलोण.

"बन्सीधर कच्छवे कोण?" बुटांनी विचारलं. "मी वीज कचेरीतला इन्स्पेक्टर."

"मी," बन्सीधर खालून म्हणाला.

इन्स्पेक्टर हा पुण्याकडून नव्यानं बदलून आलेला सडपातळ तरुण होता. त्यानं आधी समोर पाहिलं, मग खाली. "आपण जरा बाहेर येता का?"

"येता येत नाही."

"मग मी नंतर येऊ?"

"नंतर कशाला?" पेशकार पुढं झाले. "मौक्यावर आलात, मौका बघून घ्या. मीच कचेरीत इत्तला दिली होती. शिकायत नव्हे हं बन्सीधरराव, फक्त इत्तला. पंखा बंद पडतो हो."

इन्स्पेक्टर उकिडवा बसला. त्याला अर्जदाराच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय असावी. "ही मोटर आपण विनापरवाना दिव्याच्या लाइनवर चालवलीत?"

"सध्या चालत नाही."

"आधी चालत होती का?"

"आधी चालली नसती," बन्सीधर म्हणाला, "तर मी इथं कशाला असतो?"

इन्स्पेक्टरनं मान हलवली. उत्तर त्याला पटलेलं दिसलं. तरी तो म्हणाला, "मला पंचनामा करून मोटर ताब्यात घ्यावी लागेल. जोडणीसुद्धा तोडावी लागेल. पंच कोण?"

"बंदा हाजिर आहे," पेशकार म्हणाले.

बन्सीधरला रक्त डोक्यात उतरल्याचं जाणवत होतं, कानात घणघण वाजत होतं. मोटर जाणार. दिवेही जाणार. आत्या झरीला जाणार. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण उलटं लटकून विनवणी कशी करायची, ते सुचेना.

"सुमे, पडदा सार," आतून आवाज आला.

पडदा सरकला. दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, तापानं डोळे लाल.

"सायेब, माझं बी लिवून घ्या," ती म्हणाली. "माझं अंग लय जड हाय. मला उठवायला तीन-तीन मानसं लागतेत. बाप्ये. हे पेशकार बी त्यात आलेच. मला लाज वाटती. उठावं लागू नये म्हनून मी पानी पेत न्हाई. डॉक्टर म्हनतो मरशील. ह्या पोरानं त्याच्यापायी हे सोंग उभं केलंय, आन् आता त्यातच टांगून बसलाय. आता सांगा, मोटर न्यायची का ठिवायची?"

नर्मदाबाईनं पदर तोंडाशी धरला. पेशकार आपल्या पायांकडं बघायला लागले.

इन्स्पेक्टर उठून उभा राहिला. त्यानं खुर्चीला एक फेरी मारली, वाकून दांडा पाहिला, पट्टे पाहिले, उपटलेली दांडी हातात घेऊन पाहिली. "ही दांडी खुर्चीच्या हातालाच बसवायला हवी होती," तो म्हणाला. "म्हणजे माणसाबरोबर मागे गेली असती."

"कळलं ते," बन्सीधर खालून म्हणाला.

"यात दळण होत नाही, असं मी पाहणीत लिहितो. सिनेमाही दिसत नाही. आजाऱ्यासाठीचं साधन म्हणून शिफारस करतो. पण परवाना हातात येईपर्यंत मोटरला हात लावायचा नाही. लावलात तर मी काही करू शकणार नाही." मग तो आत्याकडं वळला आणि शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "आपण तोवर पाणी प्या, आजी."

तो गेल्यावर सुमननं स्वयंपाकघरातून विळी आणली आणि धोतर कापून नवऱ्याला मोकळं केलं. सटवाजी पाना घेऊन पोचला तेव्हा त्याला फक्त अर्धं धोतर सोडवायचं काम उरलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. परवाना औरंगाबादला अडकला. आत्याचा ताप चढला आणि उतरेना. ती बरळायला लागली, झरीच्या बैलांना नावानं हाका मारायला लागली. सुमन तिच्या ओठांत चमच्यानं पाणी सोडायची. उठवायची वेळ आली, की आता नर्मदाबाई आपण होऊन यायची आणि गल्लीतल्या चार बायका घेऊन यायची. पेशकार दाराबाहेर पाठ करून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना दटावायचे. बन्सीधर जिनिंगमध्ये रुईच्या खात्यात सरकी आणि सरकीच्या खात्यात रुई मांडायचा. सटवाजीनं तेवढ्या वेळात दांडी खुर्चीच्या हाताला बसवली आणि खुर्ची ठरलेल्या जागी अडावी म्हणून आट्यांवर दोन ठोकळे ठोकले.

ताप उतरला आणि त्याच आठवड्यात परवाना आला. इन्स्पेक्टर स्वतः आला, पावरची लाइन जोडून दिली, सगळं तपासलं आणि चहा न घेता गेला.

आता फक्त आत्यानं बसायचं होतं.

"बसते," आत्या म्हणाली. "पन एक बी बाप्या खोलीत नको. बाई बी नको. सगळे भायेर. उठायचं तर मी एकटी उठंन."

सुमननं, नर्मदाबाईनं आणि गल्लीतल्या बायकांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. दांडी कशी ढकलायची ते सटवाजीनं पडद्याआडून समजावलं. सुमन दार लावून घेऊन बाहेर आली. आतली कडी आत्यानं काठी लांब करून ढकलली.

बन्सीधर आणि सटवाजी बंद दाराला कान लावून बसले. सुमन उंबऱ्याशी. बराच वेळ आत काही झालं नाही.

"घाबरली आसंल," सटवाजी कुजबुजला.

मग मोटर गुरगुरली. पट्ट्याचा फट्-फट् आवाज सुरू झाला. "रेलली," सटवाजी म्हणाला. आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला, या वेळी वेगळा. "हा फुलीचा पट्टा. आता उठायलीय." आवाज चालूच राहिला. बन्सीधरला सरकीचं पोतं आठवलं. "ठोकळा हाय ना रे?" "हाय की." "नक्की ठोकलास?" "ठोकल्यासारखं वाटतंय," सटवाजी जन्मात पहिल्यांदाच म्हणाला.

आत काहीतरी धाडकन पडलं. मोटर बंद झाली.

"आत्या!"

"तांब्या पडलाय. भायेरच ऱ्हावा!" ती आतून म्हणाली, म्हणून तिघं दाराशीच थांबली; पण अर्धा तास गेला तरी कडी निघाली नाही.

"आत्या, ओ दे गं!"

सुमन दारावर थापा मारू लागली. बन्सीधरनं खांदा लावला, सटवाजीनं खांदा लावला, दार बिजागरीसकट उखडलं आणि दोघं दारावर आडवे होऊन आत पडले. खुर्ची सरळ उभी होती. बैठक वर आलेली. शेजारी पितळेचा तांब्या लवंडलेला. आत्या नव्हती.

परसाचं दार उघडं होतं.

परसात आड होता. बन्सीधरच्या डोळ्यांपुढं दुसरं काही आलंच नाही. तो अनवाणी धावला, आडाच्या काठावर ओणवा झाला आणि खाली हाक मारली. हाक घुमून वर आली. पाणी स्तब्ध होतं. सटवाजी पोहरा उचलून म्हणत होता, "मी उतरतो, मुनीमसाब, दोर धरा."

"अरे बन्शा!"

हाक आडातून आली नव्हती. भिंतीपलीकडून, पेशकारांच्या घरातून आली होती. खणखणीत. झरीच्या शेतात या बांधावरून त्या बांधाला जायची तशी.

तिघंही परसातून भिंतीच्या खिंडारातून तसेच आत घुसले. पेशकारांच्या दिवाणखान्यात हैदराबादेत लिलावात घेतलेला स्प्रिंगचा कोच होता. त्या कोचात दगडाबाई पार आतपर्यंत रुतून बसली होती. बाजूला नर्मदाबाई कपबशी धरून उभी, आणि समोर पेशकार, काय करावं ते न सुचलेले.

"तू... तू चालत आलीस?" बन्सीधरनं विचारलं.

"मग काय उडत आले? तुमी समदे पुढच्या दाराशी बसले व्हते, म्हनून मागच्या दारानं आले. नर्मदा दोन वर्सं माझ्या घरी यायलीय, मी एकदा तरी तिच्या घरी आले का? आले. बसले. दोन कप चहा पेले." तिनं कोचावर हात आपटला. "ह्या कोचाला मोटर न्हाई!"

"आत्या, आम्हाला वाटलं..." बन्सीधर मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला.

"रडतोस मागून. मला आता लवकर उठायचंय, चहा लय झालाय," दगडाबाई म्हणाली. तिनं डोळे मिटले नाहीत. उलट एकेकाकडं नीट बघत जागा नेमून दिल्या. "पेशकार, तुमी डाव्या अंगाला. लाजू नका, धरा दंडाला. बन्शा, तू उजव्या. सटवाजी, तू मागून कोच धरून ठिव, न्हाईतर त्यो बी माझ्यासंगं यील. हं, लावा जोर!"